काट्यावरची चांदी

तळोद्याच्या जीपस्टँडवर जमनाबाईला ओळखत नाही असा ड्रायव्हर नाही. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत टांगायचा लोखंडी काटा, काट्याला अडकवायची झोळी आणि एक वही. जीपमध्ये कितीही दाटी असो, ती पिशवी मांडीवरच घेते, खाली ठेवत नाही. ड्रायव्हर चेष्टा करतात, "काकी, आज कोणाले तोलशी?" ती काय सोडते! "तुलाच तोलते, ये. दारू वजा करून किती भरतोस ते बघू." मग घाट चढेपर्यंत जीपमध्ये हसणं चालू.

चौथी शिकलेली, पन्नाशीला टेकलेली ही पावरा आदिवासी बाई दहा वर्षं 'लाह'चं काम करते. लाह म्हणजे काय, ते सांगायला हवं. सातपुड्यात एखाद्याला घर उभं करायचं असलं, शेत निंदायचं असलं, की सगळा पाडा त्याच्याकडे जातो. मजुरी कोणी मागत नाही, फक्त जेवण. उद्या दुसऱ्याकडे, परवा तिसऱ्याकडे. तळोद्याचे रिटायर शिक्षक धर्मेंद्र गुरुजी यांनी हेच नाव उचललं आणि आपल्या कामाला दिलं. रनाळ्याचे शेतकरी सुगीला दादर ज्वारीची पोती पाठवतात. एका दुकानदाराने पोरांच्या अभ्यासाला मागची खोली दिली आहे. जीपवाले आजारी माणूस फुकट खाली आणतात. नवापूरचा सलाउद्दीन अंडी-कोंबड्यांचा टेम्पो घेऊन एक दिवसाआड गुजरातेत जातो, तो तिकडे उसाला गेलेल्यांचे निरोप नेतो-आणतो. हा सलाउद्दीन लाहमध्ये आला कसा? त्याचा टेम्पो एकदा घाटात उलटला, पाय मोडला, तेव्हा वरच्या मोहपाडा वस्तीच्या लोकांनी त्याला झोळीत घालून तीन कोस खाली आणलं. तेव्हापासून तो स्वतःला पाड्याचाच समजतो. कागदावर संस्थेचं नाव भलं लांबलचक आहे, पण ते गुरुजींशिवाय कोणाला पाठ नाही.

आता या सगळ्या साखळीत जमनाबाईचा काटा कुठे बसतो, तर अगदी मुळाशी. दिवाळी झाली की निम्मा मोहपाडा उसतोडीला बारडोलीकडे उतरतो, तो होळीलाच परत येतो. लहान लेकरं आईबापाबरोबर जातात, उसाच्या फडाशेजारी प्लास्टिकच्या कागदाखाली राहतात. म्हणून लाहचा नियम असा, की निघण्याआधी प्रत्येक लेकरू तोलायचं. वजनाच्या कार्डावर हिरव्या पट्ट्यात असलं तर जाऊ द्यायचं. पिवळ्यात असलं तर खाऊची पाकिटं देऊन जाऊ द्यायचं. लाल रेघेखाली असलं तर जाऊ द्यायचं नाही. आई लेकराला घेऊन मागे राहणार, आधी दवाखान्यात, मग घरी, आणि होळीपर्यंतचं धान्य लाह देणार. कोण जाणार आणि कोण राहणार, ते जमनाबाई काट्याकडे बघून सांगते, आणि लोक मुकाट ऐकतात. एवढा विश्वास सरकारी साहेबालाही कधी मिळाला नाही.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. मोहाच्या फांदीला काटा टांगला होता. ईश्वरची बायको ममता आपली अकरा महिन्यांची जागृती घेऊन पुढे आली. पोरीला थंडीची टोपी, अंगभर झबलं, वर फडक्याची गुंडाळी. आत पायात चांदीची कडी, कमरेला साखळी. डोंगरात लेकराला चांदी घालतात ती नुसती मिरवायला नाही. तिने नजर लागत नाही, जीव अंगाला बांधलेला राहतो, असं मानतात.

ममताचा हात गुंडाळीच्या गाठीकडे गेला. "मावशी, काढू का?"

"राहू दे," जमनाबाई म्हणाली. "मी वजा करते."

दोघी बोलल्या पावरीत, पण शब्द हेच.

काटा सहा किलो चारशेवर थांबला. चांदीचे शंभर ग्रॅम काढून तिने वहीत सहा किलो तीनशे लिहिलं. जागृतीच्या वयाला लाल रेघ सहा किलो शंभरला होती. म्हणजे पोर पिवळ्यात. पाकिटं दिली, कार्ड दिलं, आणि तिसऱ्या दिवशी ईश्वर आणि ममता पोरीला घेऊन ट्रकमध्ये चढले.

आता कोणी म्हणेल, हा शंभरचा आकडा आला कुठून? आला जमनाबाईच्या डोक्यातून. शिकवणीत गुरुजींनी दहादा सांगितलं होतं, अंगावरचं सगळं काढून तोला. ती मान हलवायची आणि वर येऊन स्वतःचंच करायची. का, ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं. वीस वर्षांपूर्वी तिचा दीड वर्षाचा मुलगा तापाने फणफणला होता. दूरच्या एका दवाखान्यात नेलं तेव्हा सुई द्यायला आडवा येतो म्हणून त्याचा करदोटा कात्रीने कापला, चांदीचा मणी तिच्या हातात दिला. दुपारपर्यंत मुलगा गेला. ताप डोक्यात गेला होता, करदोट्याने काही होत नव्हतं, हे जमनाबाईला पक्कं कळतं. आज ती स्वतः आयांना चांदीने जीव राहतो असं सांगू लागली तर शिकलेल्या बाईला शोभेल का? पण लेकराच्या अंगावरची गाठ सुटताना तिला बघवत नाही. म्हणून तिने आपल्यापुरता शंभरचा तोडगा काढला, आणि दहा वर्षं तो खपला. चुकीचं असंच असतं, खपली की ती रीत होते.

ट्रक गेल्यावर वीसेक दिवसांनी ती मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना ज्वारी वाटायला मोहपाड्यात आली. ईश्वरची आई कालीबाई दारात बसली होती. तिने आतून फडक्याची पुरचुंडी आणली.

"हे तुझ्याकडे ठेव, बाई. माझ्या घराला कडी ना कुलूप."

"काय आहे?"

"जागृतीची चांदी. फडावर चोरीला जाईल म्हणून मीच निघताना काढून घेतली. माझ्या लहानपणची आहे. आधीची दोन नातवंडं वाचली नाहीत ना, म्हणून हिला जुनी, भरीव घातली."

जमनाबाईने पुरचुंडी हातात घेतली आणि तिचा हात खाली गेला. दहा वर्षं तोलणाऱ्या बाईला हातावरचं वजन कळतं. तरी तिने पिशवीतून काटा काढला, पुरचुंडी अडकवली. काटा तीनशेच्या पुढे गेला, चारशेच्या अलीकडे थांबला. साडेतीनशे. सहा किलो चारशेतून साडेतीनशे गेले, की सहा किलो पन्नास. कपड्यांचं वजन न धरताही लाल रेघेच्या खाली.

पोर जायलाच नको होतं. आपण पाठवलं.

ज्वारीचं पोतं तिथंच टाकून ती टेकडीवर धावली, जिथं एका सादड्याच्या झाडाखाली फोनला रेंज मिळते. आधी गुरुजींना लावला. सगळं एका दमात सांगितलं, आपण कधीच चांदी काढत नाही हेही सांगितलं. गुरुजी माणूस रागीट, ती शिव्यांची वाट बघत होती.

"पहिले पोर आनू," ते म्हणाले. "मंग वही दखू."

मग सलाउद्दीन. त्याला सांगताना तिला रडू आवरेना.

"जमनाबाई, रडू नको. आते मुकादमनं नाव सांग, फडनं गाव सांग. मी उद्या तिकडेच जाई ऱ्हायनू."

दुसरा दिवस तिने त्या झाडाखाली काढला. पाण्याचा घोटही घेतला नाही. मनात एकच, पोर जिवंत असू दे. दुपार कलली तेव्हा फोन वाजला.

"सापडनी. जित्ती शे," सलाउद्दीन म्हणाला. "पन जुलाब लागेल शेतस. मी कोंबड्यासना काटावर तोली, पाच किलो चारशे भरनी. मुकादम सोडत नव्हता, म्हने कोयता मोडस. मी म्हनं, ईश्वरले ठेव, पोर आनि तिनी माय मन्हा संगे येतीन. तू नंदुरबारले ये, दवाखानामा."

उसाच्या फडावर नवरा-बायको मिळून एक कोयता. बायको गेली की राहिलेला नवरा अर्धा कोयता, त्याला कोणी विचारत नाही. ईश्वरला त्या मुकादमाने पुढे काय काय ऐकवलं असेल ते ईश्वरच जाणे.

संध्याकाळी नंदुरबारच्या दवाखान्याच्या फाटकात अंड्यांच्या रिकाम्या ट्रेंनी भरलेला टेम्पो थांबला. पुढच्या सीटवरून ममता उतरली. पोरीचा चेहरा म्हाताऱ्या बाईसारखा सुकला होता आणि ती रडतही नव्हती. रडणारं लेकरू बरं, हे जमनाबाईला ठाऊक होतं. ममताने जमनाबाईला बघितलं आणि पहिलं काय विचारलं असेल?

"मावशी, सासूकडची चांदी आणलीस? चांदी काढली आणि पोर खालावली. आधी ती घाल."

पुरचुंडी जमनाबाईच्या पिशवीतच होती.

वॉर्डात शोभाबाई नावाची नर्स होती. तोंडाने फटकळ, हाताने हलकी. तिने पोरीला तोललं, सलाईन लावलं आणि मग कार्ड उघडलं. महिन्याभरापूर्वी सहा किलो तीनशे, आज पाच किलो चारशे.

"काय गं, एवढं कसं उतरलं? पाकिटं दिली होती ना? पोरीला दिलीस की तिकडे विकलीस? तुम्ही लोक लेकरं घेऊन उसात जाता, आणि मेली की आमच्या नावाने बोंब मारता."

ममताला मराठी सगळं कळत नव्हतं, पण बोलणी खाल्ली एवढं कळलं. तिने पदर डोक्यावर ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. सलाउद्दीन दाराशी चपला हातात घेऊन उभा होता, त्यानेही मान खाली घातली.

खरं तर इथंच गोष्ट मिटली असती. फडावरची थंडी, घाण पाणी, अडाणी आई. सगळ्यांना पटेल असं कारण तयार होतं आणि जमनाबाईने गप्प बसायचं, एवढंच काम होतं. गुरुजी बोलणारे नव्हते, सलाउद्दीनही नव्हता. आणि हे उघड झालं तर उद्या मोहपाड्यात तिच्या काट्याखाली लेकरू कोण आणणार? दहा वर्षांचं काम एका वाक्यात बुडेल, हे तिला समोर दिसत होतं. तिचा जीव घुटमळला, हे मी लपवणार नाही.

मग ती म्हणाली, "सिस्टर, तिला बोलू नका. ते सहा किलो तीनशे खोटं आहे. मी लिहिलंय."

आधी मराठीत सांगितलं. मग ममताकडे वळून तेच पावरीत सांगितलं. पोर निघतानाच लाल होती. चांदीचं वजन मी कमी धरलं. तुला जाऊ द्यायलाच नको होतं. आणि पिशवीतली पुरचुंडी काढून तिने खाटेवर ठेवली.

ममताने पदर बाजूला केला. पुरचुंडीकडे बोट दाखवलं आणि नर्सला खूण केली, हे तोल. शोभाबाईने पुरचुंडी लेकरांच्या काट्यावर ठेवली. लाल आकडे हलले आणि थांबले.

"तीनशे पन्नास."

"इतकंच? एवढ्याने लाल पोर पिवळी झाली?" ममताने विचारलं. मग ती जमनाबाईकडे वळली. "मावशी, मी गाठीला हात घातला होता. मी काढणार होते. तूच म्हणालीस, राहू दे."

जमनाबाईला वाटलं होतं, ती आयांच्या मनाला जपते आहे. आयांच्या मनाला तर कोणी विचारलंच नव्हतं. भीती तिची स्वतःची होती, आणि ती हिच्या पोरीच्या अंगावर टाकली होती. तिने गळ्यातला, त्या करदोट्याच्या मण्याचा दोरा मुठीत धरला, आपल्या मुलाचं सगळं सांगावं असं मनात आलं, पण सांगितलं नाही. त्या घडीला ते सांगणं म्हणजे माफी मागून घेणं झालं असतं.

ममताने चांदी पोरीला घातली नाही. ती पुरचुंडी आपल्याच कमरेला बांधली आणि खाटेपाशी बसून राहिली. पोर वाचली. पण सोपं झालं नाही. चौथ्या दिवशी अंग गार पडलं होतं, तेव्हा शोभाबाईनेसुद्धा देवाचं नाव घेतलं. अठरा दिवसांनी घरी सोडलं. त्या अठरा दिवसांत जमनाबाई रोज डबा घेऊन यायची, ममता डबा घ्यायची, बोलायची नाही.

मधल्या काळात जमनाबाईने अख्खी वही पुन्हा तपासली, घरोघर जाऊन चूक सांगितली आणि गुरुजींपुढे काटा ठेवला. "दुसऱ्या कोणाला द्या." गुरुजींनी काटा तिच्याकडे परत सरकवला. "दुसराले चुकीसन शिकाले पुन्हा दहा वरीस लागतीन," ते म्हणाले. हे कौतुक होतं की टोमणा, ते तिला अजून कळलेलं नाही.

होळीला पाडा भरला. ढोल वाजायला अजून आठ दिवस होते, तेव्हा मोहाखाली पुन्हा काटा टांगला. बाया आल्या, पण लांब उभ्या राहिल्या. एकीने दुसरीला ढोसलं, पुढे कोणी होईना. जमनाबाई रिकामी झोळी धरून उभी होती. तिला वाटलं, संपलं.

तेवढ्यात गर्दीतून ममता आली. जागृतीच्या अंगावर दोरासुद्धा नव्हता. उघडी, तेल लावलेली, उन्हात डोळे मिचकावत होती. ममताने स्वतः तिला झोळीत बसवलं. काटा हलला आणि थांबला.

"सहा किलो नऊशे," जमनाबाईने मोठ्याने वाचलं. सवयीने तिच्या पेन्सिलीचं टोक वहीवर क्षणभर थांबलं.

ममताने ते पाहिलं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच ती तिच्याशी बोलली.

"यातून काही वजा करू नको."