करून दाखव ना

चक्की सुरू झाली आणि मला काहीच झालं नाही.

पाहुणे वाट बघत होते. निळे टी-शर्ट घातलेले दहा-बारा जण, भिंतीला पाठ लावून, हातात मोबाइल धरून. मॅडमनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, "आता बघा हं, नुसत्या आवाजाने हिला काय होतं ते." चक्की मिरची दळत होती. खोलीभर घरघर. मी पाटावर बसलेली. हातातल्या मिरचीचा देठ खुडला. दुसरी मिरची घेतली.

एक साहेब म्हणाले, "ये तो नॉर्मल लग रही है." कोणीतरी हसलं.

मॅडम माझ्याजवळ आल्या. वाकल्या. कानाशी हळूच म्हणाल्या, "करून दाखव ना गं."

मी करून दाखवलं.

कान दाबले. पाटावरून खाली घसरले. पुढे-मागे झुलले. घशातून हुं हुं आवाज काढला. भिंतीवर डोकं आपटलं, तीनदा, पण बेताने. मॅडमनी हात वर केला, चक्की बंद झाली. टाळ्या वाजल्या. एका बाईंनी रुमालाने डोळे टिपले. मग सगळे पोहे खायला पुढच्या खोलीत गेले. मी उठले आणि उरलेल्या मिरच्या खुडल्या.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. बारावी पास. सही येते, बँकेचा फॉर्म भरता येतो. आणि मला ऑटिझम आहे. मराठीत आम्हाला स्वमग्न म्हणतात. ज्यांनी हा शब्द काढला त्यांनी आमच्यापैकी कोणाला विचारलं नसावं. मी स्वतःत मग्न वगैरे काही नसते. बाहेरचंच सगळं एकदम आत घुसतं. ट्यूबलाइटची गुणगुण, कुकरची शिट्टी, शेजारच्याच्या शर्टाचा वास. सगळं एकाच वेळी, आणि दार लावायची सोय नाही.

आमचं घर शहाद्याजवळच्या लोणखेड्याचं. अण्णा कॉलेजात क्लार्क, शिवाय केळी-पपईची शेती. घरात सगळे अहिराणी बोलतात. मी बोलायला लागले सहाव्या वर्षी आणि लागले ती थेट शाळेच्या पुस्तकासारखी. अजून तशीच बोलते. माय म्हणायची, "व पोर, तू मास्तरना घर जलमाले पाहिजे व्हती." तिच्या हसण्यात राग नव्हता. बाकीच्यांच्या हसण्यात होता.

बारावीनंतर चार वर्षं घरात. पाहुणे आले की मी आतल्या खोलीत. बहिणीला बघायला मुलाकडचे आले त्या दिवशी मला मळ्यातल्या खोलीत नेऊन ठेवलं. दुपारचा डबा तिकडेच आला. कोणी मारलं नाही, कोणी ओरडलं नाही. नुसतं मोजणीतून वगळलं.

तिथून मला मॅडमनी बाहेर काढलं. नंदुरबारला त्यांचं केंद्र आहे, आमच्यासारख्यांसाठी. त्या चार वेळा आमच्या घरी आल्या. अण्णांशी भांडल्या. माझे शब्द अडकतात तेव्हा मोबाइलवर टाइप करून दाखवायचं, हे त्यांनीच शिकवलं. हे मी विसरलेले नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कोणाची करायची?

केंद्राला एक मोठी कंपनी मदत करते, निळे टी-शर्ट तिचेच. मुलांना आणायला गाडी दिली. गाडीच्या चारही बाजूंना कंपनीचं नाव, आत आम्ही. नवापूरकडची मुलं याच गाडीने यायची. मी शहाद्याकडच्या फेरीला फाट्यावर उभी राहायची. मोठ्यांसाठी मसाल्याचं काम सुरू झालं, त्याची चक्कीही कंपनीचीच. आम्ही मिरचीचे देठ खुडायचो, पाकिटं भरायचो. रोजच्या दिवशी चक्की लावायच्या आधी कोणीतरी मला सांगायचं, मी बाहेर ओट्यावर जाऊन बसायची. दार लावून मग चक्की. सगळ्यांना हे माहीत होतं. म्हणजे मला कशाने त्रास होतो हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर तो दाखवता येत होता.

पहिल्यांदा दाखवला तेव्हा मला सांगितलंही नव्हतं. निळे शर्टवाले आत आले, दार लागलं, चक्की सुरू झाली. तेव्हाचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. फरशी. माझीच ओकारी. खूप बूट. पाहुणे गेल्यावर मॅडम माझ्याजवळ फरशीवर बसल्या. हात लावला नाही, मला चालत नाही हे त्यांना माहीत आहे. म्हणाल्या, "सॉरी गं. पण बघितल्याशिवाय त्यांना पटत नाही. आणि पटल्याशिवाय ते देत नाहीत."

मला ते बरोबर वाटलं. खरंच. मी समजले, देठ खुडणं हे एक काम, तसं हे दुसरं.

मग मी तयारी करायला लागले. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी काही खायचं नाही, म्हणजे ओकारी होत नाही. वेणीचा जाड अंबाडा बांधायचा, म्हणजे मागे भिंत कमी लागते. कॅलेंडरवर त्या तारखेखाली बारीक रेघ. माय विचारायची, "आज जेवत का नहीस?" मी म्हणायची, "पाहुणे आहेत." ती म्हणायची, "बरं."

असं वर्षातून दोनदा, कधी तीनदा. आणि मग तो दिवस आला, मी सुरुवातीला सांगितला तो. चक्की घरघरते आहे आणि आत काहीच नाही.

कोणी म्हणेल, सवय झाली, बरंच झालं की. सवय नव्हती ती. मायच्या हातच्या आमटीची चव लागत नव्हती. मिरचीने बोटं भाजायची ते रात्री हात लाल दिसला की कळायचं. भाचा झाला, सगळे पेढे वाटत होते, मी पेढा हातात धरून उभी. सुख नाही, दुःख नाही. मी बधिर झाले होते आणि बधिर झाल्याचंही मला काही वाटत नव्हतं.

महिन्याभराने अण्णांच्या मोबाइलवर व्हिडिओ आला. कंपनीने बनवलेला. खाली संगीत, वर अक्षरं, 'हिच्या वेदनेला आपण आवाज देऊ या.' अण्णांनी तो सगळ्या नातेवाइकांना दाखवला. आयुष्यात पहिल्यांदा ते माझी गोष्ट चार माणसांत सांगत होते. काकू म्हणाली, "कशी तडफडस व पोर! मन्हा डोयामां पानी उनं."

मीही बघितला. झुलते आहे, डोकं आपटते आहे. छान केलं होतं. मग मला माझे डोळे दिसले. मी मॅडमकडे बघत होते. पुरे का, एवढंच विचारत होते ते डोळे. शाळेच्या गॅदरिंगला नाच करणारी मुलं बाईंकडे बघतात तसे.

मला लाज वाटली. किती महिन्यांनी काहीतरी वाटलं आणि ती लाज निघाली.

माझ्या मोबाइलवर आमच्यासारख्यांचा एक ग्रुप आहे. गावोगावचे लोक, बहुतेक मोठे. तिथे मी हे सगळं लिहिलं. बँकेत काम करणाऱ्या एका ताईने एकच ओळ पाठवली. "तुला विचारलं होतं का?"

मी टाइप केलं, "नाही." पाठवलं नाही, बराच वेळ नुसतं बघत बसले. मळ्यातल्या खोलीत ठेवताना नाही. गाडीत बसवताना नाही. चक्की लावताना नाही. व्हिडिओच्या परवानगीचा कागद आला होता, त्यावर अण्णांनी सही केली. मी तिथेच, पेन माझं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सांगितलं, "मी यापुढे हे करणार नाही."

मला वाटलं त्या रागावतील. त्या रागावल्या नाहीत. वही बघत म्हणाल्या, "ठीक आहे. तुझ्यावर आता तसाही परिणाम होत नाही. पुढच्या वेळी सायसिंगला बसवू."

सायसिंगदादा माझ्याहून मोठा, तिशी ओलांडलेला. सातपुड्यातल्या पाड्यावरचा. आई नंदुरबारबाहेर मिरची वाळवतात त्या पथारीवर कामाला येते, सकाळी त्याला केंद्रात सोडते. तो बोलत नाही. पाकिटं इतकी सरळ चिकटवतो की पट्टी लावून बघा. त्याला एखादी गोष्ट नको असली की तो ती उलटी करतो. चहा नको, कप उलटा. खिचडी नको, ताटली उलटी, खिचडीसकट. मॅडम म्हणायच्या, त्याची खोड आहे. त्याची आई मला म्हणाली होती, "तो बोलस नही, पन त्याले सम्दं समजस." आणि तो बेताने आपटत नाही. त्याच्या भुवईवर चार टाक्यांची खूण आहे.

कंपनीचे मोठे साहेब यायचे होते. गाडी पुढे चालू ठेवायची की नाही, ते तेच ठरवणार होते. मॅडमनी सगळ्यांना नीट वागायला बजावलं होतं. त्या दिवशी मी ओट्यावर गेले नाही. आतच थांबले, चक्कीच्या बटणाजवळ.

सायसिंगदादाला आणून पाटावर बसवलं. पाहुणे भिंतीला लागले. त्याने चक्कीकडे बघितलं. मग समोरचं मिरच्यांनी भरलेलं सूप उचललं आणि उलटं केलं. पाटावरून उठला आणि पाट उलटा केला. डोक्यावर कंपनीची टोपी घातली होती, ती काढून उलटी जमिनीवर ठेवली.

मॅडम हसून म्हणाल्या, "जरा मूडी आहे." आणि बटणाकडे आल्या.

मी म्हणाले, "तो नको म्हणतोय."

कोणी ऐकलं नाही. मी चक्कीची पिन काढली. वायर हाताला गुंडाळली आणि प्लगला पाठ लावून उभी राहिले.

मोठ्या साहेबांनी मॅडमना विचारलं, "इसको क्या हुआ?"

"मला विचारा," मी म्हणाले.

ते मॅडमकडेच बघत राहिले.

"मला विचारा. मी इथे उभी आहे."

मग मी पाठ केलेलं बोलले. "मागच्या वेळी तुम्ही बघितलं ते मी नाटक केलं होतं. त्याच्या आधीचं सगळं खरं होतं. टाळ्या दोन्हींना वाजल्या. आवाजाने आम्हाला त्रास होतो हे सांगून कळत नसेल तर दाखवूनही कळणार नाही."

त्या रुमालवाल्या बाई मोबाइलमध्ये बघत होत्या. साहेबांनी घड्याळ बघितलं. पोहे तसेच राहिले.

आता पुढचंही सांगते, ते लपवायचं नाही. गाडी बंद झाली. नवापूरकडची मुलं येईनाशी झाली. त्यांच्या आया आमच्या घरी फोन करतात. एक जण नुसती रडली. तिचा मुलगा रोज सकाळी तयार होऊन रस्त्याकडे बघत बसतो. ते ऐकून मला वाईट वाटतं.

अण्णा आठ दिवस बोलले नाहीत. मग बोलले, "तुन्हामुये गाडी बंद व्हयनी. लोके माले तोंडवर बोली ऱ्हायनात. तुले काय गरज व्हती?"

मॅडम कागद घेऊन आल्या. टाइप केलेला. 'माझ्या आजारामुळे माझ्याकडून नकळत पाहुण्यांचा अपमान झाला, तरी मला क्षमा करावी.' खाली माझं नाव, सहीला जागा. म्हणाल्या, "एक सही कर. गाडी परत येईल. त्या मुलांसाठी तरी कर." त्यांचे डोळे सुजलेले होते. त्यांचंही केंद्र बुडतं आहे, मला दिसतं.

माय म्हणाली, "करी टाक ना, बेटा."

मी कागद दोनदा वाचला. मला आजार नाही आणि नकळत काही झालं नाही. अख्ख्या आयुष्यात कळून-सवरून केलेली तेवढीच एक गोष्ट आहे. या कागदावर सही केली की उद्या सायसिंगदादाने पाट उलटा केला तर ती खोड, आणि मी पिन काढली तर तो आजार. मग आमच्यापैकी कोणीच कधी नको म्हणू शकणार नाही. गाडीत बसून येणारी ती मुलंही नाही. तीही मोठी होतील. त्यांनाही कोणीतरी पाटावर बसवेल.

मी सही केली नाही. दुसरा कागद घेतला आणि कंपनीला पत्र लिहिलं, माझ्या हाताने, माझ्या नावाने. गाडी मुलांना शिकायला यायला हवी आहे, ती द्या. यायचं असेल तर या, आमचं काम बघा, मसाला घ्या. आमचा त्रास बघायला मिळणार नाही. फोटो काढायचा तर ज्याचा काढायचा त्याला विचारा, आणि तो बोलत नसेल तर त्याचं नको कसं असतं ते आधी शिकून या. एक प्रत मॅडमना दिली. उत्तर आलेलं नाही. येईल असं धरूनही चाललेले नाही.

बधिरपणा गेलेला नाही. आमटीची चव कधी लागते, कधी नाही.

सोमवारी केंद्राच्या कमिटीची बैठक आहे. विषय मीच आहे. सहा माणसं बसणार, त्यात आमच्यातला एकही नाही. मला बोलावलेलं नाही. मी सकाळच्या एसटीने जाणार आहे. गर्दीचा, हॉर्नचा त्रास होईल, होऊ दे. खुर्ची दिली नाही तर उभी राहीन. बाहेर जा म्हणाले तर जाणार नाही. माझ्याबद्दल जे बोलायचं ते माझ्यासमोर बोलावं लागेल, आणि माझं उत्तर ऐकल्याशिवाय मी कोणाला उठू देणार नाही.