कुठला ठिपका आधी दिसला?

शारजात आमच्या ऑफिसशेजारच्या बंदुकांच्या दुकानात चिपळूणचा एकजण होता. रोजचा चहा त्याच्याकडेच. पिस्तुलावर अंधारात चमकणारे ठिपके बसवायचे, पुढे एक, मागे दोन, हे त्याचं काम. लायसनवालं गिऱ्हाईक आलं की तो आधी दिवे घालवायचा आणि रिकामं पिस्तूल हातात द्यायचा. "हबीबी, कौनसा डॉट पहले दिखा?" पुढचा, म्हणजे नेम धरायचा तो, दिसला, तर "यल्ला, चलो, यही लो!" नाहीतर ठिपक्यांचा दुसरा संच. लगेच बसवून द्यायचा आणि "खलास!" म्हणून टाळी वाजवायचा. 'उद्या या' हे त्याच्या तोंडी कधी ऐकलं नाही.

एकदा एकजण तणतणत आला. कुठलेही ठिपके चालतील, पण आत्ताच्या आत्ता हवेत. यानं पिस्तूल घेतलं, तिजोरीत ठेवलं आणि गोड हसला. "मशीन खराब है. कल, इन्शाल्ला."

तो गेल्यावर मी म्हटलं, "अरे, मशीन तर चालू आहे!"

"चालू आहे रे. कुठलेही ठिपके चालतील पण आत्ताच हवेत, म्हणजे डोक्यात राग आहे. आजची रात्र जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी तोच गृहस्थ चहा पीत, सगळे संच पुन्हा पुन्हा बघत बसला होता. आमचा चिपळूणकर दिवे घालवून शेजारी उभा. यल्ला म्हणायची त्याला अजिबात घाई नव्हती.