मंदाताईंचा झाडू

मंदाताईंचं नाव आधी लिहिते, कारण आज मी पनवेलच्या या ऑफिसात खुर्चीवर बसलेय ती त्यांच्यामुळे. काय घडलं ते मग सांगते.

कॉम्प्युटरवरून काही पुसायची वेळ आली की मंदाताई दोन्ही हात कीबोर्डवरून उचलायच्या आणि स्क्रीनला मोठ्यानं विचारायच्या, "काय काय घेऊन चाल्लीस, बोल!" नवे लोक हसायचे. उरणकडच्या मिठागरवाल्यांची ही मुलगी, इंजिनिअर झाली, पण बोली सोडली नाही. "बापाच्या आगरात उघाडी, पान्याचं दार, चुकीच्या वेली उघरली का पिकलेलं मीठ पान्यात. ते मीठ मंग कोन हुरकनार?"

आमचं ऑफिस गोदामांसाठी सॉफ्टवेअर बनवतं. सगळ्यांच्या कोडचा इतिहास गिट नावाचं सॉफ्टवेअर सांभाळतं, पण फक्त कमिट केलेला, म्हणजे आपलं नाव लावून नोंदवलेला. ऑफिस चालवणाऱ्या सरांनी एक कमांड बनवली होती, नाव 'झाडू'. एक शब्द टाकला की कमिट न केलेलं सगळं साफ, नव्या फायलींसकट, आणि कॉम्प्युटर ऑफिसच्या ताज्या प्रतीसारखा चकचकीत. आधी ती "नक्की?" विचारायची. सगळे न वाचता 'हो' दाबायचे.

"ह्यो सवाल नाय, उंबरठा हाय," मंदाताई म्हणाल्या. "सगली बिनबघता ओलांडतात." त्यांनी झाडूच बदलला. प्रश्न काढून टाकला. आता झाडू अर्धवट काम आधी बाजूला ठेवायचा आणि मगच साफ करायचा. खरोखर फेकायचं असेल तर त्या कामाचं पूर्ण नाव हातानं टाइप करायचं.

सर वैतागले. "कचरा साठतोय नुसता. मला एका शब्दात काम हवंय."

"एका शब्दातच हाय की. फक्त फेकत नाय."

"जुनं परत आणा."

"माज्या हातानं नाय."

मी लाखांदूरची. नववीत शाळा सुटली, मोबाईलवर बघून कोड शिकले, सुकापूरला खोली घेतली. इथं सगळे पदवीवाले. कमिटवर आपलं नाव लागतं, आणि अर्धवट कामाला नाव लावायची मला धास्ती. द्रोणागिरीच्या गोदामासाठी गेटवरच्या नोंदीचं पान मी एकटीनं लिहिलं होतं. ते पसंत पडलं तर नोकरी पक्की, नाहीतर गावाकडची गाडी. एवढं अडकलं होतं त्यात, आणि तरी एकही कमिट नाही.

दाखवायच्या दिवशी सर माझ्या खुर्चीत बसले. "ताजं घेऊ आधी," म्हणत त्यांनी झाडू मारला. गोदामाचे साहेब मागे उभे. सरांनी पान उघडलं. पानच नाही.

"कुठंय? कमिट केलं नव्हतंस?" मी नकारार्थी मान हलवली. "नववी शिकलेल्यांना घेतलं की असं होतं!"

मंदाताईंची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. "सर, झारू तुमी मारलाय. तिची शाला मदी आनू नका. उठा." आणि सर उठले! मंदाताईंनी एक ओळ टाकली आणि पान परत आलं, मी अर्ध्यात सोडलेल्या शेवटच्या ओळीसकट.

"बरं झालं," सर पुटपुटले.

"झालं नाय. केलंय."

पान पसंत पडलं. जेवताना त्या मला म्हणाल्या, "ए बाय, अर्धं काम अर्धं म्हनून कमिट करायचं. नाव लावायला लाजतेस कशाला? चोरलंस काय?" तेव्हापासून दिवसातून कितीदा तरी कमिट करते, अजूनही घाबरत घाबरत.

मंदाताई आता इथं नाहीत. उरणला त्यांनी स्वतःचं छोटं ऑफिस थाटलंय. त्या गेल्यावर पहिल्याच सोमवारी सर माझ्या टेबलाशी आले. "तो जुना झाडू परत आण. आता अडवायला कोणी नाही."

मी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले. "नाही सर. माझ्या हातानं नाही."

सरांचा फोन वाजला, ते बोलत निघून गेले. झाडू अजून तसाच आहे. उद्या मला काढलं तर काढलं.

मंदाताई, तुमचं देणं माझ्या लक्षात आहे. कधीतरी तुमच्यावर कुणी असा आवाज चढवेल, तेव्हा मी जिथं असेन तिथून येईन, आणि त्या वेळी खुर्ची माझी सरकेल.