बोललेल्यात दोन मिळवा

मास्तरांचं शिवणाचं दुकान माझ्या बटणांच्या दुकानाच्या अगदी समोर. मास्तर मापं घ्यायचे आणि वहिनी, म्हणजे त्यांची बायको, मशीनवर बसून ती लिहून घ्यायच्या. पोट सुटलेल्या माणसाला चारचौघांत खरा आकडा ऐकवायचा नाही, ही मास्तरांची पद्धत. टेप चाळीस दाखवत असली तर मास्तर मोठ्यानं "अडतीस" म्हणायचे आणि वहिनी मुकाट्यानं चाळीस लिहायच्या. बोललेल्यात दोन मिळवायचे, हा त्या दुकानाचा कायदा. गिऱ्हाईक खूश आणि पँटही नीट बसायची.

"एवढ्या थापा मारून नरकात जाल," मी म्हणायचो.

"तिथंही शिंपी लागतोच की," मास्तर म्हणायचे.

मग त्यांचे डोळे पिवळे झाले, पाय सुजले, पोटात पाणी साठलं. कधीकाळच्या काविळीनं यकृत आतल्या आत पोखरलं होतं. या माणसानं आयुष्यात दारूचा थेंब तोंडात घातला नव्हता, पण गल्लीनं "लावत असणार गुपचूप" म्हणून निकाल देऊन टाकला. असं बोलणाऱ्यांच्या अंगात शर्ट मास्तरांनीच शिवलेले होते. मला एकेकाची कॉलर धरावीशी वाटायची.

यकृत बदलायचं तर देणारं कोणी मिळेना. तेव्हा मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाईंनी एका चाचणीबद्दल सांगितलं. कमरेच्या हाडातला मगज काढायचा, त्यातल्या स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी वेगळ्या करायच्या, शिरेतून परत अंगात सोडायच्या आणि यकृत सावरतं का ते पाहायचं. निम्म्या पेशंटना पेशी, निम्म्यांना नुसतं सलाइन. कोणाला काय मिळालं ते पेशंटला कळणार नाही आणि बाईंनाही नाही.

"हा उपाय आहे असं मी म्हणत नाही," बाई स्वच्छ बोलल्या. "उपाय आहे का, ते शोधतोय."

बाहेर आल्यावर मास्तर मला म्हणाले, "कापड आपलं, शिलाई त्यांची. आणि शिवलं की नाही, तेही सांगणार नाहीत!" हसता हसता त्यांना धाप लागली.

बाटली चढवून झाल्यावर त्यांना घरी सोडलं. दर आठवड्याला नर्सचा फोन यायचा आणि तिला पोटाचं माप सांगायचं, बेंबीवरून घेतलेलं. वाढायला लागलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, कारण पोटातल्या पाण्यात जंतू शिरले की हातात वेळ राहत नाही. हे बाईंनी आम्हा तिघांनाही बजावलं होतं.

मापाच्या वेळी मी बहुधा तिथंच असायचो. वहिनी चादरीखालून टेप घालायच्या. जन्मभर दुसऱ्याच्या टेपवर विश्वास न ठेवलेला हा माणूस छताकडे बघत पडायचा आणि अगदी गिऱ्हाइकासारखा चेहरा करून विचारायचा, "किती गं?"

"चाळीस," वहिनी म्हणायच्या.

त्या आत गेल्या की मास्तर मला डोळा मारायचे. "मला बनवते. माझीच विद्या माझ्यावर! दोन मिळव." आणि नर्सला ते प्रामाणिकपणे बेचाळीस सांगायचे. पुढच्या आठवड्यात बेचाळीस. त्याच्या पुढच्याही आठवड्यात बेचाळीस. "वाढत नाहीये बघ. मला पेशीच मिळाल्यात," ते म्हणायचे. मीही हुरळून गेलो होतो. आकडा ऐकल्यावर चादरीखालचं पोट कोण बघतं?

एका दुपारी त्यांना हुडहुडी भरून ताप आला. मला गिऱ्हाईक समजून ते कॉलर कशी हवी विचारायला लागले. गाडी करून हॉस्पिटलात नेलं. नर्सनं टेप लावली आणि पुन्हा लावली. सत्तेचाळीस.

"फोनवर बेचाळीस कोण सांगत होतं?" बाई कडाडल्या. पाण्यात जंतू शिरले होते.

वहिनी बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. बराच वेळ टेपच गुंडाळत होत्या. मग म्हणाल्या, "भावजी, ते मनात दोन मिळवणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी आधी चार कमी केले. मग पाच. मग सात. ते झोपले की मी त्यांच्या पायजम्याची कंबर उसवून सैल करून ठेवायचे. आकडा ऐकून त्यांचा चेहरा असा उजळायचा ना... मला तेवढंच हवं होतं."

मला त्यांचा राग आला. भयंकर राग आला, आणि तो काढायला तोंड उघडलं तर रडूच आलं.

बाई बाहेर आल्या तेव्हा वहिनींनी सरळ विचारलं, "आठ दिवस आधी आणलं असतं तर वाचले असते?"

"सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. मग वहिनींकडे बघून म्हणाल्या, "कदाचित."

दोन दिवसांनी मास्तर गेले. त्यांना पेशी मिळाल्या होत्या की सलाइन, ते चाचणी संपल्यावर कळेल म्हणे.

त्यांना घरी आणलं. नवा शर्ट घालायचा म्हटलं, तर एकाही शर्टाचं बटण लागेना. वहिनी उठल्या, दुकानातून पांढरं कापड आणलं, माझ्या हातात खडू दिला आणि मास्तरांच्या पोटाभोवती टेप घातली. खोली माणसांनी भरली होती.

"सत्तेचाळीस," वहिनी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या.

कापडावर खूण करताना सवयीनं माझा हात थांबला. "किती मिळवू?" मी विचारलं.

"काही नको, भावजी," त्या म्हणाल्या. "तेवढंच आहे."