अर्जातलं पात्र

लोमटे सर वर्गात यायचे ते पुस्तकाशिवाय. हजेरी झाली की दाराला पाठ टेकून उभे राहायचे आणि पुढच्या बाकावरच्या कुणाला तरी दरडावून विचारायचे, "आता ही बाई खोटं का बोलली, सांग?" नव्या मुलांना वाटायचं, कॉलेजात काहीतरी भानगड झाली आहे. ती बाई नाटकातली असायची. सर मात्र तिच्याविषयी शेजारीण असल्यासारखे बोलायचे.

तालुक्याच्या गावातल्या आमच्या कॉलेजात ते बी.ए.ला मराठी शिकवत, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे नेमणूक एका वर्षापुरती. पुढच्या वर्षी आदेश आला तर यायचं, नाही तर घरी बसायचं. माणूस तामलवाडीचा, आवाज खणखणीत, आणि खडू पुसायला स्वतःच्या शर्टाखेरीज दुसरं काही वापरायचं नाही असा जणू नियमच केलेला.

शेवटच्या वर्षाला आम्हाला एक जुनी शोकांतिका होती. तिच्या तिसऱ्या अंकात सेनापती मोहिमेवरून घरी येतो. फितुरीच्या संशयावरून त्याने स्वतःच्याच मुलाला देहान्ताची शिक्षा दिलेली असते. बायकोला ती बातमी आधीच कळली आहे, हे त्याला ठाऊक नसतं. ती ताट वाढते. दोघं सात-आठ वाक्यं बोलतात, तीही जेवणाबद्दल. संपला प्रवेश.

गाइडमध्ये या प्रवेशाला अर्धं पान होतं. सरांनी तीन आठवडे घेतले. मला सेनापतीची बायको केलं आणि दत्ता जगतापला सेनापती. दत्ता येरमाळ्याचा. पहाटे रानात पिकाला पाणी धरून मग एसटीनं यायचा, पायाला चिखल तसाच. मी ताट वाढताना डोळ्यांत पाणी आणलं, आवाज कापरा केला. मला वाटलं, सर खूश होतील.

"अगं, रडतीस कशाला?" सर ओरडले. "तू रडलीस तर त्याला कळंल की! कळू द्यायचं न्हाय, ताण तितंच हाय." मग दत्ताकडे वळून म्हणाले, "आन् तू जेव. लई भूक लागलीय तुला. पोरगं मारून आलो तरी भूक लागतीच कशी, ह्याची लाज वाटतीय तुला." दत्तानं खरंच मान खाली घालून रिकाम्या बाकावरचे घास तोंडात घातले.

सरांचं एक ठरलेलं सांगणं होतं. "माणूस भाषण कशावर बी करू दे, हात जातो त्याचा दुखतंय तितंच. तो हात कुठं जातोय ते बघा. पात्र कळतं." त्यावर त्यांचा गाढ विश्वास होता, आणि माझाही होता.

आता जे सांगायचं ते सांगते. मी वर्गात पहिली यायची आणि मला पहिलीच यायचं होतं. परीक्षा महिन्यावर आली, दोन अंक तसेच पडलेले, आणि सर अजून त्या ताटापाशीच. प्राचार्यांना अर्ज द्यायची कल्पना माझीच. एका दुपारी दत्ताची गाडी गेल्यावर आम्ही बाकीचे बसलो, कारण तो सरांची बाजू घेणार हे सगळ्यांना माहीत होतं. मजकूर मी लिहिला. पण माझं घर कॉलेजपासून पाच मिनिटांवर, वडील तहसिलात कारकून. माझ्या तक्रारीत दम येईना. म्हणून मी दत्ताचं आयुष्य उचललं. 'आम्ही पहाटे रानात पाणी धरून, एसटीत उभ्यानं धक्के खात शिकायला येतो. चिखलाचे पाय धुवायलाही आम्हाला सवड नसते. आमचा वेळ असा वाया घालवू नये.' खाली 'समस्त विद्यार्थी'. कॉम्प्युटरच्या दुकानातून टाइप करून आणला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

प्राचार्यांनी अर्ज सरांच्या हातात दिला. सरांनी तो वर्गात मोठ्यानं वाचला. मी वहीत उगाच समास आखत बसले.

"कुणी लिवलं ते सांगू नका," सर म्हणाले. "आपण पात्र बघू. सुरुवातीचं सगळं अर्जात असतं तसंच हाय. पण ह्यो चिखल बघा. हे कुणाला सुचत नसतं, हे अंगावरचं असतं." त्यांनी अर्जाची घडी घातली. "ह्याचं बरोबर हाय. म्या चुकलो." त्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही. उरलेले दोन अंक त्यांनी आठ दिवसांत गाइडसारखे उतरवून दिले. मी पहिली आले. पुढच्या वर्षी सरांना आदेश आला नाही.

ते तामलवाडीला घरच्या शेतीत लागले. ज्युनियर कॉलेजात माझी नोकरी कायम झाली तेव्हा मी पेढे घेऊन गेले. सरांच्या बायकोनं, काकूंनी, चहा केला. सर मनापासून खूश झाले, माझ्या वर्गातली मुलं कशी आहेत ते विचारत राहिले. मग एकदम म्हणाले, "त्या अर्जाचं मनाला लावून घेऊ नको, वसुधा. म्या तवाच वळखलं हुतं, दत्ता हाय म्हणून. पोरगं वाईट न्हाय. तोंडावर बोलला असता तर बरं वाटलं असतं, येवढंच."

तेव्हा सांगायला हवं होतं. घरात आम्ही तिघंच होतो, सर राग धरणारे नव्हते, आणि माझी नोकरी कुणी काढून घेणार नव्हतं. मी म्हणाले, "चहा फार छान झालाय, काकू."

गेल्या हिवाळ्यात सर गेले. तेराव्याला दत्ता आला होता. येरमाळ्याला हायवेवर त्याचं टायरचं दुकान आहे. जेवणं झाल्यावर आम्ही दोघं मांडवाच्या कडेला बसलो होतो.

"म्या दर दिवाळीला येत हुतो," तो म्हणाला. "चांगलं बोलायचे, पण पाव्हण्यासारखं. मला तुम्ही-तुम्ही करायचे. अर्ज म्या न्हाय लिवला, असं तीनदा सांगितलं. हसायचे आन् म्हणायचे, सोडा वो ते. तुला कदी काय बोलले हुते का?"

"दत्ता, तो अर्ज मी लिहिला होता," मी म्हणाले. हे सांगायला मला इतकी वर्षं लागली, आणि वाक्य संपायला एक क्षणही लागला नाही.

तो चिडला नाही. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"सर असताना सांगायचं हुतं," तो म्हणाला.

"भीती वाटली रे. सांगितल्यावर तोंड दाखवायची."

"मला बी वाटायची," दत्ता म्हणाला. "तरी बी येत हुतो."