भागाकार सुरू होता, तेवढ्यात शेळी आली

मित्रांनो, माझी बायको रूथ आमच्या मुलीला घरीच शिकवते. आम्ही ख्रिस्ती. अभ्यासाआधी दोघी प्रार्थना करतात, म्हणून आमच्या वळसंग गावात लोकांना वाटतं, इथे रोज प्रार्थनासभाच असते.

आज भागाकार चालू असताना शेजारच्या काकू आजारी शेळी घेऊन आल्या.

"रूथ, हिच्यासाठी प्रार्थना कर की. चारा खाईना."

"काकू, अभ्यास चाललाय."

"आगं, घरीच तर हायस की तू."

रूथ उठली. प्रार्थना झाली, मग चहा झाला. दशांशाचा भागाकार तसाच राहिला. मी आठवीत शाळा सोडली, मला तो येत नाही.

काकू गेल्यावर मुलगी म्हणाली, "मम्मी, मी शाळेतच जाते. तितं कुणी मधी येत न्हाय."

रूथने वही मिटून ठेवली. अभ्यासाच्या वेळी येऊ नका, हे काकूंना न दुखावता कसं सांगू?