दादाचं जपान आणि माझं लग्न

माझा दादा मॅट्रिक झाला तेव्हा त्याच्या मनात एकच होतं, जपानला जाऊन कापड रंगवण्याचं शास्त्र शिकायचं. विलायतेला जाणारे सरदारांचे मुलगे आम्ही ऐकून होतो; जपान मात्र देवासात कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. वडील थोरल्या पातीच्या दरबारात कारकून. त्यांच्या पगारात हे जमण्यासारखं नव्हतं, म्हणून दादानं शिष्यवृत्तीचा शोध सुरू केला.

देवासात तेव्हा राजघराण्याच्या दोन शाखांची, म्हणजे दोन पात्यांची, दोन राज्यं, गाव मात्र एकच. थोरल्या पातीचे दिवाण म्हणाले, "वकिली शीक, डॉक्टर हो, देऊ. रंगाऱ्याच्या कामासाठी समुद्र कशाला ओलांडायचा?" दादा रस्ता ओलांडून धाकट्या पातीकडे गेला. तिथं उत्तर मिळालं, "तुमचे वडील पलीकडचे नोकर. आम्ही कसे देणार?"

त्याच सुमारास माझं लग्न धारला ठरलं होतं. होणारे सासरे तिथल्या दरबारात कामाला होते. दादाची खटपट कानावर गेल्यावर त्यांनी आपणहून धारच्या दिवाणांकडे शब्द टाकला. संस्थानात कापूस पिकत होता, रंगारी होते. शिकून आलेला माणूस हवाच होता. परत येऊन धारलाच नोकरी करायची, या अटीवर शिष्यवृत्ती मंजूर झाली. आईनं देवापुढे साखर ठेवली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडली.

पुढच्याच आठवड्यात सासरे देवासला आले. पाणीसुद्धा न घेता ओसरीवर बसून राहिले.

"घोटाळा माझ्याच हातून झाला," ते वडिलांना म्हणाले. "आमच्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं, समुद्र ओलांडणाऱ्याच्या घरची मुलगी नको."

"मग मी जात नाही," दादा म्हणाला.

मी दाराआडून ऐकत होते. तेरा वर्षांच्या मुलीला अशा बाबतीत कुणी विचारत नसे. दादानं विचारलं. संध्याकाळी विहिरीपाशी येऊन म्हणाला, "तुझं काय म्हणणं आहे?"

"तू जा," मी म्हटलं. लग्न म्हणजे काय ते मला नीट कळतही नव्हतं. पण दिवाणांचा नकार ऐकून परत येतानाचा दादाचा चेहरा मी पाहिला होता.

तोडगा काढला तो सासूबाईंनी. त्यांनी धारहून निरोप धाडला, "मुलगा अजून बोटीत चढलेला नाही ना? मग आज त्यांच्या घराला काही बोल नाही. लग्न आधी उरकून घ्या."

वैशाखात माझं लग्न झालं आणि ज्येष्ठात दादा मुंबईहून निघाला. तो जाताच जातीनं आमच्या घराशी जेवणखाण बंद केलं. त्यानं परत येऊन प्रायश्चित्त घेईपर्यंत मी माहेरी जायचं नाही, असं सासरच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं. पाणी भरणारी बाई तिच्या माळवीत माहेरचं विचारायची, "लाडी, पीयर कद जायगी?" मी हसून वेळ मारून न्यायची.

अधूनमधून आई धारला येई. आम्ही काळिकेच्या देवळात भेटत असू. तिच्या करंज्या सासरी नेता येत नसत, म्हणून तळ्याच्या पायरीवर बसून खायचो. सासूबाईंना ते ठाऊक होतं. मी परतले की त्या एवढंच म्हणायच्या, "पदर झटक गं, चुरा सांडलाय."

चार वर्षांनी दादा परतला तो थेट धारला. प्रायश्चित्तावर त्याचा मुळीच विश्वास नव्हता. पण तो अंगणात उभा होता आणि मी उंबऱ्याच्या आत थांबून राहिले होते, हे त्यानं पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो भटजींपुढे बसला आणि त्यानं पंचगव्य घेतलं.

"फार जड गेलं का रे?" मी नंतर विचारलं.

"बोटीवरच्या जेवणापेक्षा बरं होतं," तो म्हणाला.

अटीप्रमाणे दादा धारलाच संस्थानाच्या रंगखान्यात लागला, पण तो फार काळ चालला नाही. दादा मग तिथल्याच शाळेत शिकवू लागला. सणावारी तो आमच्याकडे जेवायला असे. सासरे त्याचं पान आपल्या शेजारी मांडायला सांगत आणि भात कालवता कालवता, जपानात भूकंप झाला की माणसं कुठं पळतात, असं काहीबाही विचारत राहत.